वृद्धांचा स्मृतिभ्रंश आणि निद्रा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात तीन कार्यक्रम कधीही चुकत नाहीत: गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांचा परिचय आणि दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्यक्रमाच्या मध्ये माणसाच्या आयुष्याची पन्नास-साठ वर्षे जातात. त्यांपैकी शेवटची दहा-पंधरा वर्षे कशी जातात, याविषयी या व्यासपीठावरून फारसे बोलले जात नाही. कार्यकारिणीने यंदा आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही मुद्दाम हाच भाग निवडला. आणि त्यातही रात्रीचा. वृद्धापकाळी स्मृतिभ्रंश जडला म्हणजे माणसाची झोप कशी पालटते आणि तिच्याबरोबर घराची झोप कशी जाते, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या भाषेत या विकाराला जुने नाव आहे: म्हातारचळ. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हणही आपण सहज वापरतो. दोहोंत थोडी थट्टा आहे आणि एक गैरसमजही आहे. तो असा की, वय झाले म्हणजे हे व्हायचेच. वास्तविक हा वयाचा धर्म नव्हे, मेंदूचा रोग आहे. १९०१ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची एक स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिताना मधेच विसर पडे. ती अस्वस्थपणे अंथरूण-पांघरूण इकडून तिकडे ओढीत फिरे. तिचे वय त्या वेळी ५१ होते, साठी अद्याप दूर होती. तिच्यावर देखरेख ठेवणारे डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि १९०६ साली ट्युबिंगेन येथील सभेत त्यातील बिघाडाचे वर्णन केले. पुढे त्यांचेच नाव या रोगास मिळाले. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत; त्यांत अल्झायमरचा रोग सर्वांत अधिक आढळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडाने होणारा दुसरा, आणि ल्युई नावाच्या शास्त्रज्ञाने दाखविलेल्या पेशींतील गोळ्यांमुळे होणारा तिसरा. या तिसऱ्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत, कारण झोपेचा आणि त्याचा संबंध विलक्षण आहे.

भारतात साठीवरील शंभर माणसांत सुमारे सात जणांस स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे एकूण सुमारे ८८ लाख लोकांस, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत मांडला गेला. आपल्या मंडळाच्या कुटुंबसूचीत साठीवरील सभासद किती आहेत ते चिटणीसांनी मोजावे आणि गुणाकार करावा. जो आकडा येईल तितकी घरे आपल्यातच आहेत. त्यांतील किती घरांची वार्ता मंडळास आहे? आम्हांस वाटते, बोटांवर मोजण्याइतकीही नाही.

याचे कारणही उघड आहे, आणि ते झाकून ठेवण्यात हशील नाही. घरात कोणाचे 'डोके फिरले' अशी कुणकुण लागली की नातीच्या स्थळाला अडचण येईल, ही भीती. मंडळाची वधूवर-नोंदवही आणि ही भीती या दोन गोष्टी एकाच कपाटात राहतात. नागपुरात मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि त्याचे भयही तितकेच जुने आहे. म्हणून आजोबांना मागच्या खोलीत ठेवले जाते, पाहुण्यांस 'त्यांना बरे नाही' एवढेच सांगितले जाते, आणि रात्री काय घडते ते शेजाऱ्यांच्याही कानी जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या जातात. या संदर्भात एवढे सांगून ठेवतो की, उतारवयात जडणारा स्मृतिभ्रंश हा बहुतांश कुटुंबांत थेट वारशाने उतरणारा विकार नाही. तारुण्यातच सुरू होणारा एक आनुवंशिक प्रकार आहे, पण तो फार विरळा. सत्तरीच्या आजोबांस विसर पडतो म्हणून नातीचे लग्न मोडणारे वरपक्षीय अज्ञानापोटी तसे करतात; त्यांच्या घरातही सत्तरीचे कोणी ना कोणी असेलच.

आता मुख्य विषयाकडे येऊ.

या रोग्यांना घेऊन येणारी मंडळी आम्हांकडे विसराळूपणाची तक्रार घेऊन क्वचितच येतात. चष्मा कोठे ठेवला, जेवण झाले की नाही, मोठ्या मुलाचे नाव काय, हे विसरणे घरातील माणसे वर्ष-दोन वर्षे सांभाळून घेतात. ती येतात ती रात्री असह्य झाल्यामुळे. सून सांगते, 'तीन महिन्यांत एक रात्र सलग झोपले नाही.' मुलगा सांगतो, 'दोन वाजता दाराची कडी वाजवतात, घरी जायचे म्हणतात. आम्ही सांगतो, हेच घर. त्यांना पटत नाही.' रोग्यास वृद्धाश्रमात वा संस्थेत ठेवण्याचा निर्णय घरे घेतात तोही पुष्कळदा रात्रीच्या त्रासामुळे, हा जगभरचा अनुभव आहे.

निरोगी माणसाची झोप कशी असते हे थोडक्यात पाहू. रात्रभर झोप एकसारखी नसते. सुमारे नव्वद मिनिटांचे एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तने रात्रीत होतात. पहिल्या प्रहरांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. या स्वप्नांच्या झोपेत पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. १९५३ साली शिकागो येथील असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी हे दाखवून दिले. या वेळी शरीराचे स्नायू जणू बांधून ठेवलेले असतात, म्हणून स्वप्नात आपण धावलो तरी खाटेवरून उठत नाही. वय वाढते तशी गाढ झोप कमी होते, जाग अधिक वेळा येते, संध्याकाळी लवकर झापड येते आणि पहाटे लवकर डोळे उघडतात. आपल्याकडील वृद्ध चार वाजता उठून काकडआरतीला निघतात, त्यात भक्ती आहेच, पण थोडा वयाचाही भाग आहे. एवढ्यावरून कोणी चिंता करू नये.

या सर्वांचे वेळापत्रक राखणारे एक घड्याळ मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींस ओलांडतात, त्याच्या लगेच वर तांदळाच्या दाण्याएवढीही नसलेली एक पेशींची जोडी असते. हेच ते घड्याळ. ते आपोआप चालते, पण चोवीस तासांहून किंचित मंद चालते. म्हणून त्यास रोज किल्ली द्यावी लागते. ही किल्ली म्हणजे सकाळचा प्रकाश. डोळ्यांतून प्रकाश आत गेला की घड्याळ जुळते. अंधार पडला म्हणजे त्याच्या सांगण्यावरून मेंदूतील एक ग्रंथी मेलाटोनिन नावाचा स्राव सोडते. हा स्राव १९५८ साली अमेरिकेत लर्नर यांनी प्रथम वेगळा केला. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याच्या संशोधनासाठी हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधारस्तंभ सांगितले आहेत. त्यातील निद्रेच्या खांबाचा पाया कोठे आहे, हे आता बोट ठेवून दाखविता येते, इतकेच.

स्मृतिभ्रंशात नेमका हाच पाया खचतो. ॲमस्टरडॅम येथील स्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत असे पाहिले की, ऐंशीच्या पुढील वयात या घड्याळातील पेशी कमी होतात आणि स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांत त्याहूनही अधिक कमी होतात. घड्याळ झिजले, तिकडे मोतीबिंदूने आणि पिवळ्या पडलेल्या भिंगाने डोळ्यांतून जाणारा प्रकाशही घटला, आणि रोगी दिवसभर घरात बसलेला. मग मेंदूस दिवस आणि रात्र यांतील सीमाच कळेनाशी होते. झोप एकूण कमी होते असे नव्हे. पुष्कळदा चोवीस तासांची बेरीज केली तर ती पूर्वीइतकीच, कधी अधिकही भरते. पण तिचे तुकडे होतात. सकाळी दहाला डुलकी, जेवणानंतर दोन तास, चारला पुन्हा झापड, आणि रात्री बारा ते चार टक्क जागरण. रोग वाढला म्हणजे गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही आटतात. उरते ती वरवरची गुंगी, जी ताट वाजले तरी मोडते.

आमच्या पाहण्यातील एक गृहस्थ एम्प्रेस मिलमध्ये रात्रपाळीला असत. टाटांची ही गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. तिचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगावयास नको की, नागपूरचा अर्धा भाग त्या भोंग्यावर घड्याळ लावीत असे. हे गृहस्थ ऐंशीच्या घरात स्मृतिभ्रंशाने ग्रासले, आणि रोज रात्री अकराच्या सुमारास उठून सदरा घालून जेवणाचा डबा मागू लागले. मुलगा रोज सांगे, 'बाबा, मिल बंद झाली.' ते ऐकून ते रोज नव्याने दुःखी होत. कारण ही बातमी त्यांना दर रात्री पहिल्यांदाच कळत असे. शेवटी त्यांच्या सुनेने एक उपाय काढला. ती डब्यात दोन पोळ्या घालून देई आणि म्हणे, 'मामंजी, अजून भोंगा झाला नाही. तोवर जरा पडा.' ते पडत, आणि बहुधा झोपत. आम्ही पुस्तकांतून जे शिकलो त्यापेक्षा ही युक्ती सरस होती. आपल्या दृष्टीने खरे काय ते रोग्यास पटवून देण्याचा हट्ट रात्री दोन वाजता करू नये. त्याच्या मनात जो काळ चालू आहे त्या काळात शिरून त्यास शांत करावे. यात खोटेपणाचा दोष लागतो असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालण्यास आम्ही तयार आहोत, मात्र दिवसा.

रात्रीइतकीच कठीण वेळ म्हणजे संध्याकाळ. पाश्चात्त्य वैद्यकात सूर्यास्ताच्या सुमारास वाढणाऱ्या या अस्वस्थतेस वेगळे नाव आहे. आपल्या भाषेत ते पूर्वीपासूनच आहे. कातरवेळ. दिवेलागणीस घरातील बायका अंगण झाडून, दिवा लावून, मुलांना परवचा म्हणावयास बसवीत, त्यामागे या वेळेची काहीशी जाण असावी असे आम्हांस वाटते. हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. रोगी या वेळी येरझारा घालू लागतो, 'घरी जायचे' म्हणतो, परक्यासारखा पाहतो, कधी चिडून हात उगारतो. कारणे एकाहून अधिक: दिवसभराचा शिणवटा, बिघडलेले घड्याळ, मावळत्या उजेडात लांबलेल्या सावल्या ज्यांची त्यास ओळख पटत नाही, आणि घरातील त्या वेळची गडबड. नागपूरला डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हाच मुले शिकवणीहून येतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, दूरदर्शनसंच मोठ्याने सुरू होतो. अशा वेळी घरातील दिवे अंधार पडण्यापूर्वीच लावावेत, पडदे ओढून घ्यावेत, आवाज कमी करावा, आणि रोग्याच्या हातात काही काम द्यावे. शेंगा सोलणे, वाती वळणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. घडी वाकडी झाली तर पुन्हा मोडून घालण्यास द्यावी. वेळ जावा हाच हेतू आहे.

आता तिसऱ्या प्रकाराकडे. काही पुरुष पन्नाशी-साठीतच झोपेत ओरडू लागतात, लाथा मारतात, पत्नीस ठोसा बसतो, खाटेवरून पडतात. जागे केल्यावर सांगतात की स्वप्नात कोणी अंगावर आले होते. आपल्याकडे यास बाधा समजून अंगारे-धुपारे होतात, किंवा घरात विनोदाचा विषय होतो. स्वप्नांच्या झोपेत स्नायू बांधून ठेवणारी मेंदूतील व्यवस्था बिघडली की हे घडते. अमेरिकेत मिनियापोलिस येथील शेंक आणि महोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचे प्रथम नीट वर्णन केले. पुढे अशा माणसांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले असता त्यांतील बहुसंख्यांना कंपवात किंवा ल्युईच्या प्रकारचा स्मृतिभ्रंश झाल्याचे दिसले; कित्येकांत तर दहा-पंधरा वर्षांनी. म्हणजे स्मरणशक्ती शाबूत असतानाच झोप आधी बोलू लागते. एखाद-दुसऱ्या रात्री दचकून ओरडण्याने कोणी घाबरू नये. काही मानसोपचाराच्या औषधांनीही असे होते. परंतु हे वारंवार घडत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञास अवश्य दाखवावे. तोवर खाट भिंतीस लावावी, खाली गादी अंथरावी, उशाशी काचेचा तांब्या ठेवू नये. आणि ही गोष्ट डॉक्टरांस सांगण्याचे काम पत्नीचे आहे, कारण नवऱ्यास ती ठाऊक नसते.

ल्युईच्या प्रकारात रोग्यास नसलेली माणसे, लहान मुले, जनावरे स्पष्ट दिसतात. त्यावर हॅलोपेरिडॉलसारखी उन्मादावरची औषधे दिली तर काही रोगी लाकडासारखे ताठरतात, प्राणावरही बेतते. म्हणून ओळखीच्या औषधविक्रेत्याकडून 'शांत करणारी' गोळी आणून देण्याची पद्धत आम्ही कडक शब्दांत निषेधितो. या जातीच्या औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ साली दिला. कधी कधी ती द्यावीच लागतात, पण तो निर्णय तज्ज्ञाचा, आणि तोही थोड्या काळापुरता.

झोपेच्या गोळीविषयी प्रत्येक सभेत प्रश्न येतो, म्हणून आताच बोलतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही नावे आता घराघरांत पाठ झाली आहेत. निरोगी माणसास ती काही दिवस उपयोगी पडतात. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यास त्यांनी गुंगी येते, पण लघवीस उठण्याची निकड जात नाही. तो गुंगीतच उठतो, पडतो, आणि खुब्याचे हाड मोडते. दुसऱ्या दिवशी गोंधळ अधिक वाढतो तो वेगळाच. सर्दीवरच्या काही गुंगीच्या गोळ्याही अशाच. त्या मेंदूतील स्मृतीस आवश्यक असलेल्या रसायनाविरुद्ध काम करतात. मेलाटोनिनच्या गोळ्यांनी अल्झायमरच्या रोग्यांची झोप सुधारल्याचे चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले नाही. स्वप्नातील हातपाय झाडण्यावर मात्र त्या डॉक्टर देतात. उलट, आधीपासून चालू असलेल्या औषधांच्या वेळा बदलल्याने पुष्कळदा काम होते. स्मृतीसाठी दिलेली डोनेपेझिलची गोळी रात्री घेतल्यास भयंकर स्वप्ने पडू शकतात. डॉक्टरांच्या संमतीने ती सकाळी घ्यावी. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढविणारी गोळी संध्याकाळी असेल तर तीही सकाळी हलवता येईल का, ते विचारावे.

रोगी रात्री जागा का झाला हे त्यास सांगता येत नाही, ते आपण शोधावे लागते. गुडघा दुखतो का? शौचास चार दिवस झाले नाहीत का? लघवीत जळजळ आहे का? तहान, भूक, मच्छर, उकाडा? मोठ्याने घोरून मधेच श्वास थांबतो का? श्वास थांबण्याचा विकार या रोग्यांत पुष्कळ आढळतो आणि त्यावर उपाय आहेत. दोन दिवसांत एकाएकी बिघाड झाला असेल तर तो मूळ रोग वाढला असे समजू नये. बहुधा आत कोठेतरी जंतुसंसर्ग झालेला असतो, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.

आता उपायांपैकी सर्वांत स्वस्त उपाय: ऊन. नेदरलँड्स येथे १२ वृद्धनिवासांतील १८९ रहिवाशांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. दिवसभर बैठकीच्या खोलीत प्रखर दिवे लावल्याने बुद्धीचा ऱ्हास आणि खिन्नता यांत थोडा का होईना, फरक पडला. नुसते मेलाटोनिन दिले त्या रोग्यांचे चित्त मात्र उलट अधिक उदास झाले. ज्या देशात सूर्य महागडा आहे तेथे दिवे विकत घ्यावे लागतात. आपल्याकडे सूर्य फुकट आहे, परंतु आपण तो घरात येऊ देत नाही. नागपूरच्या घरांकडे पाहा. महाल-इतवारीतील जुन्या घरांत मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. नव्या सदनिकांत, मार्च लागला की प्रत्येक खिडकीत कूलर बसतो, त्याला खसाच्या ताट्या, वरून हिरवी जाळी. आणि ती खिडकी पावसाळा लागेपर्यंत बंद. ४५ अंशांच्या वर पारा जातो तेथे याला पर्याय नाही, हे आम्हांसही मान्य आहे. पण याचा परिणाम असा की, घरातील वृद्ध तीन-साडेतीन महिने दिवसाही संध्याकाळीच राहतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते सात हा वेळ सोन्यासारखा समजावा. त्यास गच्चीवर किंवा अंगणात बसवावे, जमल्यास अंबाझरी वा फुटाळ्याच्या काठी अर्धा तास चालवावे. हिवाळ्यात आठ ते दहा गॅलरीत ऊन खात बसवावे. त्याच वेळी चहा, वर्तमानपत्र, दाढी, वेणीफणी उरकावी. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतील दिव्याच्या कित्येक पट असतो. मोतीबिंदू पिकला असेल तर 'आता या वयात कशाला' असे म्हणून शस्त्रक्रिया टाळू नये.

वामकुक्षीविषयी. चरकाने ग्रीष्मात दिवसा झोपण्यास मोकळीक दिली आहे, आणि वृद्धांना तर सर्वच ऋतूंत. विदर्भातल्या मेमध्ये दुपारी कोणी झोपू नये असे सांगण्याचे धैर्य आम्हांलाही नाही. पण ती झोप अर्धा-पाऊण तासाची असावी, तीनच्या आत संपावी, आणि खाटेऐवजी आरामखुर्चीत घेतली तर अधिक चांगली. मग तोंड धुऊन कैरीचे पन्हे द्यावे. चहा मात्र चारनंतर नको. रात्रीचे जेवण हलके आणि वेळेवर. झोपण्यापूर्वी रोज त्याच क्रमाने त्याच गोष्टी: पाय धुणे, देवाला नमस्कार, तेच पांघरूण. बुद्धी विसरली तरी शरीर सवय पुष्कळ काळ धरून ठेवते.

रात्री संडासच्या वाटेवर मंद दिवा असावा. गॅसची मुख्य कळ बंद करावी. बाहेरच्या दाराची कडी नेहमीच्या जागेहून वर बसवावी आणि दारास घुंगरू बांधावे, म्हणजे ते उघडताच घरच्यांस जाग येईल. रोग्यास खाटेस बांधणे किंवा एकट्याला खोलीत कोंडणे हे मात्र करू नये. त्याने भीती वाढते, आग लागली तर सुटका नाही. सदऱ्याच्या खिशात नाव-पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी शिवून टाकावी. ज्यांना हरवलेल्या रोग्याची कल्पना यायची आहे त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट पाहावा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात साकारलेले संस्कृतचे प्राध्यापक पाहून घरातील तरुण मंडळींस आमच्या व्याख्यानापेक्षा अधिक कळेल.

एक प्रश्न तरुण सभासदांनी लेखी पाठविला आहे: झोप कमी घेतल्याने हा रोग होतो काय? याचे उत्तर सावधपणे द्यावे लागते. इंग्लंडमधील सरकारी नोकरांचा पंचवीस वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात २०२१ साली असे दिसले की, पन्नाशी ते सत्तरी या काळात सतत सहा तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक होते. दुसरीकडे, २०१३ साली नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखविले की, झोपेत मेंदूच्या पेशींमधील पोकळी रुंदावते आणि अल्झायमरशी संबंधित प्रथिनाचा मळ अधिक वेगाने धुऊन निघतो. माणसांत हे कितपत लागू आहे यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. शिवाय रोगाचा आरंभ लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीच होतो. तेव्हा कमी झोप हे कारण की रोगाचेच पहिले चिन्ह, हे सांगणे कठीण. तथापि रात्री एक वाजेपर्यंत हातात मोबाइल धरून बसणाऱ्यांनी या अनिश्चिततेचा फायदा घेऊ नये.

आता ज्यासाठी आम्ही हे व्यासपीठ मागून घेतले त्या गोष्टीकडे येतो. या सर्व उपायांनी रात्री काहीशा सुसह्य होतात, पूर्ववत होत नाहीत. घड्याळातील मेलेल्या पेशी परत येत नाहीत. रोगी दिवसा झोपून घेतो. त्याची शुश्रूषा करणारी झोपू शकत नाही. आम्ही 'करणारी' असे स्त्रीलिंगी म्हटले ते हेतुपुरस्सर. शंभरांतील बहुतेक घरांत ती पत्नी, सून किंवा अविवाहित मुलगी असते. पत्नी स्वतः सत्तरीची असते, तिचा रक्तदाब वाढलेला असतो. सून सकाळी डबे करून नोकरीवर जाते. आम्ही पाहिले आहे की, रोग्याच्या आधी शुश्रूषा करणारीच अंथरुणास खिळते, आणि मग दोघांचीही व्यवस्था कोलमडते. भाऊ-दीर दिवाळीस येतात, 'वहिनी, किती छान ठेवले आहे तुम्ही बाबांना' म्हणतात, आणि भाऊबीज आटोपून निघून जातात. यापुढे त्यांनी स्तुतीऐवजी आठवडाभर रात्रीची जबाबदारी घ्यावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.

पूर्वी बाळंतिणीच्या खोलीस रात्रीची सोबत असे. आजाऱ्याच्या उशाशी आळीपाळीने आळीतील माणसे बसत. ती पद्धत आपण या रोगासाठी पुन्हा का सुरू करू नये? मंडळ वसतिगृह चालविते, शिष्यवृत्त्या देते. त्याच धर्तीवर प्रत्येक विभागात चार-सहा जणांची 'रात्रसोबत' असावी. पंधरवड्यातून एक रात्र, दहा ते सहा. काम एवढेच की, रोगी उठला तर त्याच्याशी बोलावे, पाणी द्यावे, संडासला न्यावे, आणि घरातील बाईस जागे करू नये. औषधे देणे, उचलणे वगैरे काही नाही. निवृत्त झालेल्या आणि तसेही पहाटे चारलाच उठणाऱ्या सभासदांनी यात पुढाकार घ्यावा. सोबतीस येणारा ज्ञातीतलाच हवा असा आग्रह आम्ही धरणार नाही. शेजारी जो तयार असेल त्यास आनंदाने घ्यावे. रात्री दोन वाजता 'भोंगा झाला का' असे विचारणारा म्हातारा उत्तर देणाऱ्याची जात विचारीत नाही.

ज्यांना आजच मदत हवी आहे त्यांनी शासनाच्या १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या, किंवा १४४१६ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनीवर बोलावे; दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. तपासणीसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि मिहानजवळील एम्स येथे जाता येते. जाताना पंधरा दिवसांची झोपेची टिपणवही न्यावी: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, दिवसा डुलक्या किती, कोणते औषध केव्हा. अशी वही हातात आली म्हणजे डॉक्टरांचे अर्धे काम होते.

रात्रसोबतीसाठी नोंदवही मंडळाच्या कार्यालयात ठेवण्यास चिटणीसांनी संमती दिली आहे. ती वधूवर-नोंदवहीच्या कपाटात न ठेवता वेगळी ठेवावी, असे आम्ही त्यांस सुचविले व ते त्यांनी मान्य केले. मदत मागणाऱ्याने रोग्याचे नाव लिहू नये. मोहल्ला आणि आपणांस दूरध्वनी कोणत्या वेळी केलेला चालेल, एवढे पुरे. सोबत देऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र पूर्ण नाव लिहावे. ही वही आज भोजनापर्यंत व्यासपीठाच्या उजव्या हातास टेबलावर आहे.